पाचूची अंगठी, लाकडी तारा

१

नलूताई सावे केळवे-माहीमचं कीर्तन आटोपून पालघरला घरी पोचल्या, तेव्हा मागच्या खोलीत त्यांची भाडेकरू दीपा बॅग भरत होती. नलूताईंच्या हातात अजून देवळातला झेंडूचा हार होता, कपाळाला बुक्का होता आणि घसा बसलेला होता. तरी त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"कुठे निघालीस?"

"घरी. पाड्यावर. विनोदशेठनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं."

"काय म्हणून?"

"हंसाबेनची अंगठी मी चोरली म्हणून."

दीपा रडत नव्हती, साड्यांच्या घड्या एकावर एक ठेवत होती. रडणारं माणूस समजावता येतं, अशा गप्प माणसाचं काय करायचं हे नलूताईंना क्षणभर सुचेना.

दीपा मनोरच्या पलीकडच्या डोंगरपट्टीतली. त्या पाड्यावर पासपोर्ट काढलेली ती पहिलीच मुलगी. बोईसरला विनोदच्या टूर कंपनीत ती लागली, आणि गेल्या डिसेंबरात बारक्या ग्रुपबरोबर मदतनीस म्हणून जर्मनीला गेली. तिथे नाताळच्या आधी गावोगावी चौकात बाजार भरतात. लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, भाजलेले बदाम, वाफाळती पेयं. ते बाजार दाखवायची ही सहल. परत आल्यावर दीपा नलूताईंना ओट्यावर बसून तासन्‌तास त्या दिव्यांबद्दल सांगत असे. आणि आज हे.

"नीट सांग," नलूताई हार खुंटीला अडकवत म्हणाल्या.

"शेवटच्या संध्याकाळी हॉटेलात ग्रुपमधल्या हंसाबेननी अंगठी काढून बेसिनपाशी ठेवली, असं त्या म्हणतात. मग सगळे खाली जेवायला गेले. मी त्यांची बॅग आणायला वर गेले होते. जेवून त्या वर गेल्या तर अंगठी नाही. तिथे काही बोलल्या नाहीत. इथे आल्यावर, सगळ्यांना फोटो बघायला त्यांच्या घरी बोलावलं होतं ना, तेव्हा चारचौघांत माझं नाव घेतलं."

"तू बेसिनकडे गेली होतीस?"

"बघितलंसुद्धा नाही, ताई." दीपाचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "काल विनोदशेठचा माणूस आमच्या पाड्यावर जाऊन आला. आईची भाताची कणगी उपसली त्याने. सगळा पाडा बघत होता. आता पोलिसात जाणार म्हणतायत, सोमवारी. माझ्यामागे आमच्याकडच्या अजून दोघी शिकतायत, ताई. त्यांना कोण कामावर ठेवील?"

नलूताईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. कीर्तनात समोर बसलेल्या शेकडो माणसांतून कोण ऐकतंय आणि कोण पेंगतंय हे त्यांना मंचावरून कळायचं. सगळी हयात त्यांनी माणसांचे चेहरे वाचण्यात घालवली होती.

"एकदाच विचारते. घेतलीस?"

"नाही."

"मग बॅग ठेव खाली. पांडुरंगाची शपथ, सोमवारच्या आत ती अंगठी कुठे गेली ते मी शोधून काढते."

दीपा बॅगेवर बसली. मग हळूच म्हणाली, "विनोदशेठ सांगतात, त्या खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे होती. पण ताई, ते खोटं आहे."

२

विनोदचं ऑफिस बोईसर स्टेशनजवळ होतं. भिंतीवर बर्फाचे डोंगर, टेबलावर देवीचा फोटो आणि कडेला उदबत्ती. नलूताईंना पाहून तो खुर्चीतून अर्धा उठला.

"या या, ताई! काशी करायची का यंदा? कीर्तनकारांना आपण सूट देतो."

"काशी नंतर. त्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे होती, विनोद?"

तो बसला. "तिने सांगितलं वाटतं."

"किल्ल्या किती होत्या ते सांगायला तिची गरज नाही. हॉटेलात एकच किल्ली कोण देतं?"

विनोदने पंख्याकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं. "होती एक. सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे होता. पण मी जेवताना जागचा हललो नाही, कुणालाही विचारा. वाढत होतो. हंसाबेनना कांदा-लसूण चालत नाही, दातिवऱ्याच्या साखरबाईंना ते जेवणच चालत नाही, एकेकाचं वेगळं!"

"आणि जुडगा?"

"तो..." विनोदने कपाळ पुसलं. "ग्रुपमधल्या रूपेशने मागितला. त्याचं पोट बिघडलं होतं, किल्ली खोलीतच राहिली म्हणाला. दहा मिनिटांत परत आणून दिला, वर दोनदा भात घेतला."

"म्हणजे सगळ्या खोल्या उघडतील असा जुडगा घेऊन रूपेश वर गेला होता. आणि तू आळ घेतलास दीपावर."

"ताई, रूपेश आपला गिऱ्हाईक आहे!"

"आणि ती?"

विनोद टेबलावरची उदबत्तीची राख झटकू लागला. चांगला माणूस होता तो, फक्त गिऱ्हाइकापुढे त्याचा कणा मऊ पडायचा. नलूताई उठल्या.

"तिच्या आईची कणगी उपसायला माणूस पाठवलास. रूपेशची कुठली उपसलीस?"

३

आधी त्या हंसाबेनकडे गेल्या. ज्याचं हरवलं त्याचं पहिलं ऐकावं, हा त्यांचा विचार.

हंसाबेनच्या नवऱ्याचा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना. बंगल्याच्या दिवाणखान्यात झोपाळ्यावर हंसाबेनच्या सासूबाई, सगळ्या घराच्या 'बा', माळ ओढत बसल्या होत्या. समोरच्या काचेच्या कपाटात जर्मनीहून आणलेल्या वस्तू मांडल्या होत्या: लाकडी सैनिक, काचेचे गोळे, घंटा.

"बेसो ने, नलूबेन," हंसाबेन म्हणाल्या. गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, नेहमी हसऱ्या असणाऱ्या. आज हसू ओढून आणलेलं होतं. "तुमचं दत्तजयंतीचं कीर्तन काय सुंदर झालं! बा अजून आठवण काढतात."

"अंगठीचं ऐकलं. वाईट वाटलं."

"बांच्या सासूची अंगठी होती," हंसाबेन आवाज खाली आणून म्हणाल्या. झोपाळ्याची कडी करकरली. "पाचू होता. हे बघा." त्यांनी हात पुढे केला. बोटावर अंगठीच्या जागी फिकट वळ होता. "इतकी घट्ट की साबण लावल्याशिवाय निघायची नाही. म्हणून रोज निजायच्या आधी साबण लावून काढते, बेसिनवर ठेवते. त्या दिवशी जेवायला जायच्या आधीच काढली. मेहुल, माझा मुलगा, खालून हाका मारत होता, घाईत विसरले."

"त्या दिवशीही साबण लावून?"

"रोजच्यासारखी."

"थंडी कशी होती हो तिकडे?"

"विचारू नका! हात तर मरूनच गेल्यासारखे."

"मग गरम काहीतरी घेतलं असेल बाजारात. दीपा सांगत होती, वाफा निघणारे कप घेऊन सगळे उभे असतात म्हणे."

हंसाबेनचा हात झटकन पदराखाली गेला. "ना रे ना! आमच्यात बाहेरचं काहीच चालत नाही. मी फक्त दिवे बघितले."

झोपाळा थांबला होता. बांनी माळ ओढायची थांबवून सुनेकडे पाहिलं, आणि मग पुन्हा झोपाळा हलू लागला.

नलूताईंनी कपाटाकडे नजर टाकली. विनोदच्या टेबलावर त्या बाजारातला रंगीत कप होता, पेन ठेवायला. दीपाने नलूताईंसाठी एक आणला होता. तिथे पेयाचा कप टपरीवर परत द्यायचा किंवा ठेवून घ्यायचा; जो तो आठवण म्हणून तो घेऊन आला होता. इथे कपाटभर सामान होतं आणि कप मात्र नव्हता.

४

रूपेश आपल्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर भेटला. सुपरवायझर, चार बोटांत चार खड्यांच्या अंगठ्या, गळ्यात ताईत. नलूताईंनी जुडग्याचं नाव काढताच त्याचा चहा सांडला.

"ताई, मी अंगठीला हात पण नाय लावला! सच्ची."

"मग वर कशाला गेला होतास? पोट तर ठीक होतं तुझं. विनोद म्हणाला, परत येऊन दोनदा भात घेतलास."

रूपेशने इकडेतिकडे पाहिलं. टपरीवाल्याला दोन हात लांब जाऊ दिलं. "बायकोला नाय सांगणार?"

"आधी काय ते तर सांग."

"शनिवार होता, ताई." तो जवळजवळ कुजबुजला. "माझा मारुतीचा उपवास. आणि त्या बाजारात ते सॉसेज भाजत होते, पावात घालून... वास असा काय सुटला होता! चुपके से दोन घेतले. एक तिथे खाल्लं, दुसरं जॅकेटच्या खिशात राहिलं. जेवताना बायको म्हणाली, तुझ्या अंगाला कसला वास येतो? म्हणून वर जाऊन जॅकेट धुतलं. बस. मारुतीरायाची माफी मागितली, अकरा शनिवार तेल घालतोय."

नलूताईंना हसू फुटलं, पण त्यांनी ते तोंडातच ठेवलं. दोन सॉसेजपायी हा बाबा चोरीचा संशय अंगावर ओढून घ्यायला निघाला होता. माणूस मोठ्या गुन्ह्यापेक्षा छोट्या लाजेपायी जास्त खोटं बोलतो, हे त्यांच्या मनात कुठेतरी जाऊन बसलं.

"इतक्या अंगठ्या घालतोस. थंडीत बोटं आखडली नाहीत?"

"आखडली? अहो, बोटं बारीक होतात तिथे! माझा पुष्कराज दोनदा निसटला. शेवटी आतून दोरा गुंडाळला, तेव्हा राहिला."

नलूताईंचा कप ओठाशीच थांबला. इथे जी अंगठी साबणाशिवाय निघत नाही, ती तिथे, मरून गेल्यासारख्या हातावर, साबणाशिवायही निघाली असती. मग "रोजच्यासारखी साबण लावून" कशाला?

"आणि बसमध्ये काय करायचात रे संध्याकाळी? झोपायचात?"

"छे! भजन. बाजारातून हॉटेलपर्यंत रोज. तुमच्या कीर्तनात म्हणतात तीच सगळी. साखरबाई काय खड्या आवाजात गातात!"

नलूताईंचा चेहरा खुलला. परमुलखात, बर्फात, बसमध्ये विठ्ठलाचं नाव! त्यांना विचारल्यावाचून राहवेना. "टाळ नव्हते, पखवाज नव्हता. ताल कोण धरत होतं?"

"हंसाबेन! आवाज बेसूर, पण ताल एकदम पक्का. पुढच्या सीटची लोखंडी दांडी असते ना, तिच्यावर अंगठी वाजवायच्या. टिक, टिक, टिक. ड्रायव्हरसुद्धा मान हलवायचा."

"शेवटच्या दिवशीही?"

रूपेश आठवू लागला. "नाय. त्या दिवशी मजाच गेली. साखरबाईंनी सुरुवात केली, पण ताल नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, कोण पुढे कोण मागे. हंसाबेन खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, दोन्ही हात शालीत."

नलूताईंनी कप खाली ठेवला. टपरीसमोरून ट्रक धडधडत गेला, तरी त्यांच्या कानात ती न वाजलेली टिक टिक घुमत होती.

"रूपेश, ही बस हॉटेलात पोचायच्या आधीची गोष्ट ना?"

"हो. बाजारातून निघालो तेव्हाची. का?"

कारण अंगठी हॉटेलच्या बेसिनपर्यंत पोचलीच नव्हती. आणि हंसाबेनना ते माहीत होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने, बाजारात काय झालं ते साखरबाईंकडून ऐकायला, नलूताई दातिवऱ्याला उतरल्या. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, वाळूवर जाळी पसरली होती. साखरबाईंचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता, त्यानेच आईला हौसेने सहलीला धाडलं होतं. साखरबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या.

"ये गो बाय! माज्या दारात कीर्तनवाली आली, आज दिवस सोन्याचा." त्यांनी सूप बाजूला सारलं. "चाय टाकू?"

"टाका. आणि ते काय हो?"

दारावर, आंब्याच्या डहाळीशेजारी, एक लाकडी तारा टांगला होता. तळहाताहून मोठा, हाताने कोरलेला, वर्षानुवर्षांच्या धुराने कडा काळवंडलेल्या. बाजारातल्या नव्या चकचकीत वस्तूंसारखा तो दिसत नव्हता.

"त्यो? त्या गोऱ्या बाईनं दिला. चाय-पानीवाली होती, गरम काय काय इकायची. तिच्या टपरीच्या कपाळाला टांगलेला होता, इकायचा नव्हता. काढून माज्या हातात दिला नि गळ्यात पडून रडली."

"का हो?"

"आता काय सांगू तुला!" साखरबाई हसल्या. "एक कप परत द्यायचा होता तिला. आमच्यात कुनाचं भांडं रिकामं देत नाय, तुला म्हाईतच हाय. शेजारणीची वाटी आली तरी चिमूटभर साखर घालूनच परत जाते. मी देवीआईचा परसाद घेऊन गेलेली, खडीसाखर. कपातलं उरलेलं हळूच वतून टाकलं नि ती आत घातली. आत संत्र्याची फोड होती, ती पन ठेवली, फळ कुठं टाकायचं? नि दिला तिला, हात जोडून."

नलूताईंच्या घरीही तीच रीत होती. आईने रिकामी वाटी कधी परत जाऊ दिली नव्हती. त्यांना गहिवरून आलं. पण गहिवर ओसरल्यावर एक प्रश्न उरला, आणि तो हलेना.

"साखरबाई, दोन खडे साखरेसाठी परक्या देशातली बाई रडेल?"

"मला पन तेच! तिनं कपात बघितलं, दिव्याखाली धरलं, हात तोंडावर. मंग मुठीत कायतरी धरून माज्या हातात कोंबाया लागली. मी बोलले, नाय नाय बाय, परसाद परत करायचा नसतो! ठेव, तुज्या पोरांना दे. ती ऐकेना, मी ऐकेना. शेवटी तिनं मूठ छातीशी धरली, वर चढली नि त्यो तारा काढला."

चहा उतू जात होता. दोघींचंही लक्ष नव्हतं.

"मुठीत साखर होती का?" नलूताईंनी अगदी हळू विचारलं.

"मंग काय असनार?"

"आणि तो कप तुमचा होता?"

"माजा?" साखरबाई ताठ झाल्या. "मी त्यांचं काय बी प्याले नाय. माजा थर्मास होता. त्यो कप एका बाईमानसाचा. नाव इचारू नको, तिनं मला शपथ घातलीय."

"नका सांगू. फक्त एवढंच सांगा, तिने कप तुमच्या हातात दिला तो कसा? घाईत?"

"घाईत म्हंजे! तिचा पोरगा मागून येत होता. वरनं काठालाच धरून कोंबला माज्या हातात, बोटं सगळी आत. मी बोलले, भाजंल की!"

नलूताईंनी डोळे मिटले. त्यांना ती बोटं दिसली. गारठून बारीक झालेली, उघडी, कपाच्या काठावरून आत घसरलेली.

६

रविवारी दुपारी बा देवळात गेल्या असताना नलूताई हंसाबेनसमोर बसल्या. कीर्तनात आधी विषय मांडून मग कथा लावतात, तशी त्यांनी सुरुवात केली, पण आवाज कीर्तनातला नव्हता. घरातला होता.

"हंसाबेन, तुमची अंगठी बेसिनवर नव्हती. बसमध्येही नव्हती. तुमच्याशिवाय भजनाला ताल राहिला नाही, हे अख्खी बस सांगेल. ती बाजारातच बोटातून गेली. तिथल्या थंडीत तिला साबण लागला नसता."

हंसाबेन पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"त्या संध्याकाळी तुम्ही हातमोजे काढले, कारण हातात गरम कप होता. सगळ्यांनी आपापला कप आठवण म्हणून आणला, तुमच्या कपाटात तो नाही. तुम्ही तो दुसऱ्या बाईच्या हातात दिलात, मेहुलने बघू नये म्हणून. साध्या सरबताचा कप मुलापासून कोण लपवील? त्या टपऱ्यांवर मसाला घातलेली गरम वाइन विकतात, दीपानेच सांगितलंय. तुमच्या कपात तीच होती. ज्या बाईला दिलात तिने तुमचं नाव सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही."

हंसाबेनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "दोन घोट, नलूबेन. खरंच दोन घोट. सगळे पीत होते, लवंगेचा वास येत होता, हात इतके गार पडले होते... मला वाटलं, इथे कोण बघतंय? मग बसमध्ये बघते तर बोट रिकामं. बाजारात हरवली म्हटलं असतं तर मेहुलने विचारलं असतं, कुठे उभी होतीस, काय करत होतीस. आणि बा..." त्यांनी तोंड पदरात लपवलं. "बांना कळलं तर त्या माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत."

"म्हणून दीपा?"

"मी तिचं नाव घ्यायचं ठरवलं नव्हतं! मी नुसतं म्हटलं बेसिनवर ठेवली होती. विनोदने विचारलं, वर कोण गेलं होतं? मी म्हटलं, दीपा. तेवढंच."

"तेवढंच," नलूताई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, पण मागे हटणारही नव्हत्या. "तुमची लाज झाकायला तुम्ही तिची अब्रू पांघरलीत, हंसाबेन. ती आता परत द्यावी लागेल. मी कीर्तनात हे सांगणार नाही, बांनाही सांगणार नाही. पण सोमवारी कुणी पोलिसात गेलं, तर मी तिथे आधीच बसलेली असेन."

हंसाबेननी बांच्या रिकाम्या झोपाळ्याकडे पाहिलं.

"आणि अंगठी?" हंसाबेननी विचारलं.

"ती कपात पडली. वर संत्र्याची फोड होती, म्हणून साखर घालणाऱ्या बाईला दिसली नाही. टपरीवाल्या बाईला दिसली. फळ, साखर, सोनं. तिला वाटलं, दूर देशातून आलेल्या म्हातारीने आपल्याला ओवाळणी घातली. तिने परत द्यायचा प्रयत्न केला, आपल्या बाईने घेऊ दिलं नाही. चोर कोणीच नाही यात."

हंसाबेननी फोन उचलला. नंबर त्यांनीच लावला. "विनोदभाई? दीपाला बोलवा. मी पण येते. हो, मी खोटं बोलले."

पुढचं काम दीपानेच केलं. टपरीचा फोटो तिच्याकडे होता, पाटीवरचं नाव वाचता येत होतं. तिथल्या वाटाड्याशी ती इंग्रजीत बोलली, वाटाड्याने त्या बाईला गाठलं. संध्याकाळी फोटो आला: खिडकीत काचेची बरणी, बरणीत खडीसाखरेचे दोन खडे आणि पाचूची अंगठी. बाईने ती बोटात घातली नव्हती. म्हातारी परत आली तर तिच्या हातात देता यावी, म्हणून ठेवली होती. आता पाठवते म्हणाली.

दातिवऱ्याला फोनवर साखरबाईंना हे कळलं तेव्हा त्या भडकल्या. "माज्या हातनं दिलेलं परत मागता? लाज नाय वाटत? तिला बदल्यात काय तरी धाडा! मी सुकट देते बांधून."

"साखरबाई," विनोद रडकुंडीला येऊन म्हणाला, "सुकटीच्या वासाने पार्सलवाले मला धरतील!"

"धरू दे. तुला धरायलाच होवा."

७

सोमवारी हंसाबेनची गाडी मनोरच्या पुढे, डांबरी संपल्यावर, मुरमाच्या रस्त्याने पाड्यापाशी थांबली. विनोद पुढे बसला होता, नलूताई आणि दीपा मागे. अंगण सारवलेलं, भिंतीवर पांढऱ्या रंगाची चित्रं, कोपऱ्यात ती कणगी. नव्याने लिंपलेली होती.

दीपाची आई बुधी कुडाला टेकून उभी होती. बाप सुका खाटेवर बसून दोरी वळत होता. त्याने मान वर केली नाही.

हंसाबेन जमिनीवर बसल्या. रेशमी साडी मातीत पसरली. "आई, मी तुमच्या मुलीवर खोटा आळ घेतला."

"का?" बुधीने विचारलं.

हंसाबेन अडखळल्या. विनोदकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. "मी... मी वाइन प्यायले होते. घरी कळू नये म्हणून."

बुधी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य पसरलं.

"दारू? बस्स? येवढंच?" ती दीपाकडे वळली. "येवढ्यासाठी? आमी तं देवाला पन ताडी दावतो गं!"

नलूताईंनी तोंडावर पदर धरला. हंसाबेन रडता रडता हसल्या, आणि हसू फुटताच बुधीचा चेहरा पुन्हा मिटला.

"प्यालीस त्याचं काय नाय. पोरीला चोर बोललीस, ते कुटं बोललीस?"

"चारचौघांत. माझ्या घरी."

"माजी कणगी उपसली ती पन चारचौघांत. ऊठ."

बुधीने हाळी घातली. आजूबाजूच्या घरांतून माणसं आली, कोयता हातात घेतलेली, कडेवर मूल घेतलेली, शाळेच्या गणवेशातली. अंगणाच्या कडेने उभी राहिली. हंसाबेन उठल्या. गाभाऱ्यातसुद्धा त्यांचे हात इतके घट्ट जुळले नसतील.

"मी हंसा. अंगठी माझ्याच हातून हरवली. कुणी चोरली नाही. मी खोटं बोलले. दीपा चोर नाही."

पाठोपाठ विनोदनेही, कुणी न सांगता, दीपा चोर नाही असं म्हटलं, आणि तिची नोकरी तिचीच आहे असंही. दीपा हनुवटी वर करून उभी होती.

सुकाने दोरी खाली ठेवली.

"पोरगी चोर नाय," तो म्हणाला. "ते आमाला ठावं व्हतं." त्याने हंसाबेनकडे पहिल्यांदाच नजर उचलून पाहिलं. "तुमाला कवा कळलं?"